छाटणी होऊ दे, मग बघू

रात्री साडेनऊनंतर मेडिकलमध्ये येणारं गिऱ्हाईक वेगळं असतं. दिवसा माणसं घाईत असतात. गाडी चालूच ठेवून डॉक्टरची चिठ्ठी काउंटरवर टाकतात. बीपीच्या गोळ्या, शुगरच्या गोळ्या, पोराच्या खोकल्याचं औषध, किती झाले, ऑनलाइन केले बघा, गेले. रात्री येणारा माणूस गाडी बंद करून, स्टँडला लावून येतो. आधी बाम नाहीतर ओआरएसचं पाकीट मागतो. सुटे पैसे खिशात टाकता टाकता आवाज खाली आणतो आणि विचारतो, "ताई, झोपेचं काही आहे का?"

चिठ्ठीशिवाय देता येत नाही. अल्प्राझोलाम, झोल्पिडेम ही औषधं शेड्यूल एच-वन या सरकारी यादीत येतात. ती देताना डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, औषध कोणतं आणि किती दिलं, हे सगळं वेगळ्या रजिस्टरात लिहावं लागतं आणि ते रजिस्टर तीन वर्षं सांभाळावं लागतं. एवढं सांगितलं तरी माणूस लगेच निघत नाही. आमच्या नाशिकच्या इंदिरानगरात त्या वेळेला रहदारी ओसरलेली असते, शेजारच्या किराणावाल्याचं शटर पडलेलं असतं. तो उभाच राहतो. "दिवसभर काही नाही हो. पाठ टेकली की सुरू होतं."

काय सुरू होतं?

"असंच. विचार."

लोक हल्ली विचारच करत नाहीत, असं म्हणणाऱ्यांना मी आठवडाभर माझ्या काउंटरमागे बसवायला तयार आहे. विचार सगळ्यांना येतात. फक्त कधी येतात ते बघा. बँक बंद झालेली असते, भाऊ झोपलेला असतो, सासरी गेलेल्या मुलीला फोन करायची वेळ टळून गेलेली असते, वकिलाचं ऑफिस सकाळी अकराशिवाय उघडणार नसतं. ज्या वेळी काहीच करता येणार नाही, नेमक्या त्याच वेळी. आणि सकाळी, जेव्हा फोन लावता येतो, कागद काढता येतो, समोरासमोर बसून बोलता येतं, तेव्हा तोच माणूस कामात बुडालेला. मला हा योगायोग वाटत नाही.

या विषयावर बोलायला लागलं की कुणीतरी तो विजेच्या झटक्याचा प्रयोग सांगतंच. माझ्या भाच्याने मला सांगितला. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठात टिमथी विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला हा अभ्यास २०१४ साली 'सायन्स'मध्ये छापून आला. माणसांना रिकाम्या खोलीत सहा ते पंधरा मिनिटं बसवायचं. मोबाईल नाही, पेन नाही, वाचायला काही नाही. बसा आणि विचार करा. बहुतेकांना ते नकोसं झालं. एका फेरीत तर खोलीत एक बटण ठेवलं होतं, दाबलं की विजेचा हलका झटका बसायचा. हाच झटका त्यांना आधी देऊन दाखवला होता आणि 'हा परत नको, वाटल्यास पैसे देऊ' असं सांगणाऱ्यांचाच हिशेब धरला होता. तरीही पंधरा मिनिटांच्या एकांतात १८ पुरुषांपैकी १२ जणांनी आणि २४ बायकांपैकी ६ जणींनी निदान एकदा तरी ते बटण दाबलं. एका पठ्ठ्याने १९० वेळा दाबलं. त्याला सरासरीतून वगळावं लागलं.

भाचा हे सांगून हसत होता. "मावशी, मीपण दाबलं असतं." मीही दाबलं असतं, एकदा, पहिल्याइतकंच लागतं का बघायला. म्हणून 'माणसाला स्वतःच्या सहवासापेक्षा वेदना बरी वाटते' असा जो अर्थ व्हॉट्सॲपवर फिरतो, तो मला जरा ताणलेला वाटतो. बंद खोलीत पंधरा मिनिटं आणि समोर बटण, एवढ्या मुद्देमालावर मनुष्यजातीचा निकाल लावू नये. पण त्याच अभ्यासातली एक गोष्ट कुणी सांगत नाही आणि मला तीच महत्त्वाची वाटते. त्यांनी कॉलेजच्या पोरांशिवाय बाहेरच्या माणसांनाही बसवून पाहिलं, १८ वर्षांपासून ७७ वर्षांपर्यंतच्या. फारसा फरक पडला नाही. म्हणजे हे खापर निव्वळ तरुण पिढीवर आणि मोबाईलवर फोडता येत नाही.

मोबाईल नव्हता तेव्हा आमच्या घरात काय होतं, ते मला आठवतंय. सासरे पेपर उघडायचे तो पहिल्या पानावरच्या नावापासून शेवटच्या पानाच्या तळाशी छापखान्याचा पत्ता असतो तिथपर्यंत वाचायचे. वाचून झाला की पुन्हा पहिलं पान. आई दुपारी रेडिओ लावून धान्य निवडायची, निवडलेलं धान्यसुद्धा निवडायची. शेजारच्या काकूंना तर दुसऱ्यांच्या घरांचा एवढा विचार असायचा की स्वतःच्या घराला वेळच उरत नसे. आता हे सगळं एका पाच-सहा इंचांच्या काचेत मावलं, आणि ते हातात धरून चालता येतं, एवढंच नवीन.

दुसरा एक अभ्यास जपानमधला, २०२२ साली प्रसिद्ध झालेला, आया हातानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. त्यांनी लोकांना आधी विचारलं, वीस मिनिटं काहीही न करता नुसते विचार करत बसलात तर कसं वाटेल? कंटाळा येईल, म्हणाले. मग खरोखर बसवलं आणि नंतर विचारलं. वाटलं होतं त्यापेक्षा बरं गेलं, म्हणाले. इंटरनेटवर बातम्या वाचणाऱ्यांपेक्षा आपला वेळ वाईट जाईल असा अंदाज होता, तोही चुकला. हे वाचून मला बरं वाटलं, पण पुरतं नाही. कारण या दोन्ही प्रयोगांत माणसाला मोकळं सोडलं होतं. वाटेल त्याचा विचार कर, समुद्रकिनाऱ्याचा कर, लहानपणीच्या शाळेचा कर. "आता वीस मिनिटं तुझ्या थोरल्या भावाचा आणि वडिलोपार्जित जमिनीचा विचार कर," असं कुणी सांगितलं नव्हतं.

माझा मोठा मामेभाऊ, आम्ही सगळे त्याला दादाच म्हणतो, दिंडोरी तालुक्यात द्राक्षं करतो. नाशिकबाहेरच्यांना माहीत नसेल म्हणून सांगते, आमच्याकडे द्राक्षाची वर्षातून दोनदा छाटणी होते. माल निघाला की एप्रिलच्या सुमाराला खरड छाटणी. वेल पार खालपर्यंत कापायची, म्हणजे नव्या काड्या येतात आणि पुढचे घड त्या काड्यांच्या डोळ्यांत आधीच धरले जातात. मग पावसाळा सरता सरता फळछाटणी, जिला सगळे ऑक्टोबर छाटणीच म्हणतात. त्यानंतरचे साधारण चार महिने बागाईतदाराला जगाची शुद्ध नसते. डावणी, भुरी हे बुरशीचे रोग, फवारण्या, विरळणी, घड जीए नावाच्या संजीवकाच्या पाण्यात बुडवणं, डिसेंबरातला अवकाळी, फेब्रुवारीतली गारपीट, आणि शेवटी व्यापारी. व्यापाऱ्याचा चेक वटेपर्यंत एप्रिल उजाडतो.

आता बाकीची परिस्थिती, गेल्या वर्षापर्यंतची. सातबारा मामांच्या नावावर. भाऊ तीन. मधला ओझरला नोकरीला, धाकटा सिडकोत राहतो आणि अंबडच्या एका कंपनीत सुपरवायझर आहे. बाग एकटा दादा बघतो. त्याचा मुलगा पुण्यात, संगणकावर काम करतो, तिथेच फ्लॅटचं चाललंय. गावच्या विकास सोसायटीचं कर्ज आहे, खाजगी उसनवारी आहे. घरातल्या प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात, जेवणं झाली की कुणीतरी विषय काढायचं. बागेचं पुढे काय? आणि दादा म्हणायचा, "एवढी छाटणी होऊ दे, मग बघू."

छाटण्या वर्षाला दोन. त्यामुळे 'मग' कधी यायचंच नाही.

दादा मंद आहे, आळशी आहे असं कुणी म्हणेल तर मी भांडेन. पानाच्या खालच्या बाजूला डावणीची पांढरी बुरशी धरायच्या आधी, वरच्या अंगाला नुसता तेलकट डाग दिसला की तो ओळखतो. काढणीआधी किती दिवस कोणतं औषध थांबवायचं हे त्याला तोंडपाठ आहे. निर्यातीच्या मालात औषधाचा अंश सापडला तर काय होतं हे तो कृषी खात्याच्या माणसाला समजावू शकेल. वेलाविषयी या माणसाएवढा खोल विचार करणारं मी दुसरं कुणी पाहिलेलं नाही. मग घराविषयीच त्याचं डोकं बंद कसं पडायचं?

बंद पडत नव्हतं. त्याला उत्तर माहीत होतं. मुलगा परत येणार नाही. आपल्या पाठीमागे बागेत उभं राहणारं कुणी नाही. भावांना हिस्सा हवा आहे आणि तो मागणं त्यांच्या हक्काचं आहे. जोपर्यंत याचा नीट विचार केलेला नाही, तोपर्यंत मुलगा 'सध्या' पुण्यात आहे, भाऊ 'एकत्र' आहेत आणि बाग 'आपली' आहे. विचार पूर्ण केला की दुसऱ्या दिवशी सकाळी निदान तीन फोन करावे लागणार. दादा विचाराला भीत नव्हता, त्या तीन फोनांना भीत होता.

मला वाटतं, बहुतेक टाळाटाळ अशीच असते. ज्या प्रश्नाचं उत्तर माहीत नसतं, त्याच्या मागे माणूस आनंदाने लागतो. शब्दकोडं सोडवतो, क्रिकेटच्या संघावर तासभर वाद घालतो, निवडणुकीचा निकाल काय लागेल यावर रात्र जागवतो. डोक्याला ताण नको म्हणून टाळतो म्हणावं तर हा सगळा ताणच आहे. टाळतो ते उत्तर ठाऊक असलेले प्रश्न. आईला एकटीला गावी ठेवलंय ते बरोबर आहे का. या नोकरीत आपण दहा वर्षं नुसते बसून आहोत का. नवरा-बायकोत बोलण्यासारखं काही उरलंय का. हे प्रश्न मनात उभे राहतात तेव्हा त्यांच्यामागे उत्तर आधीच येऊन थांबलेलं असतं, आणि ते काहीतरी करायला सांगणार असतं.

मग रात्री अकरानंतर त्यांना आत घ्यायला हरकत नसते. अंधारात कुणाला फोन करायचा नसतो.

आणि रात्रीचं ते जे चालतं, त्याला विचार म्हणायचं का, हाही प्रश्न आहे. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ सुझन नोलन-होक्सेमा यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून यावर पुष्कळ काम केलं. दुःख झाल्यावर त्याची कारणं नि परिणाम तेवढेच पुन्हापुन्हा उगाळत बसणाऱ्यांचं नैराश्य लांबतं आणि वाढतं, आणि प्रश्न सोडवायची त्यांची ताकदही कमी होते, असं त्यांना दिसलं. 'माझ्याच वाट्याला का', 'मीच असा का', 'तेव्हा तसं बोललो नसतो तर'. संध्याकाळी द्वारका चौकात अडकलेल्या गाडीसारखं हे असतं, इंजिन चालू, पेट्रोल जळतंय, जागा तीच. सकाळी उठल्यावर माणसाला वाटतं, रात्रभर विचार केला. थकवा आलेला असतो, त्यामुळे ते खरंही वाटतं. आणि मग तो ठरवतो की विचार करणं काही चांगलं नाही बुवा, झोप जाते.

या धारणेत अगदीच तथ्य नाही असं नाही. त्याच टिमथी विल्सन यांचा १९९१ सालचा एक जुना प्रयोग आहे. विद्यार्थ्यांना स्ट्रॉबेरीचे जॅम चाखायला दिले. ज्यांनी नुसतं चाखून गुण दिले त्यांचं मत जाणकारांच्या मताशी बऱ्यापैकी जुळलं. ज्यांना 'का आवडला, का नाही' याची कारणं लिहायला लावली, त्यांचं जुळेना. कारणं शोधता शोधता चवच हातची गेली. तेव्हा सगळीकडे चिकित्सेची पट्टी लावावी असं माझं म्हणणं नाही. साडी घेताना मी स्वतः दुसऱ्या मिनिटाला निर्णय घेते आणि सोबतच्यांचे आशीर्वाद घेते.

पण आपल्या घरांत 'जास्त विचार करू नकोस' हे वाक्य जॅमसाठी वापरत नाहीत. ते कोणाला उद्देशून येतं ते पाहा. लग्न ठरलेल्या पण मन डळमळलेल्या मुलीला. बाळंतपणानंतर नोकरी सोडावी की नाही या पेचातल्या बाईला. घरात सगळ्यांच्या वाटणीचं करणाऱ्या धाकट्या सुनेला. तिने विचार केला तर इतरांना त्रास होईल, म्हणून सल्ला तिला. माझ्या दुकानात एकदा एक सासूबाई सुनेला घेऊन आल्या, म्हणाल्या, "हिला डोकं शांत राहायचं काहीतरी द्या, फार विचार करते." सून एक अक्षर बोलली नाही. मी म्हटलं, डॉक्टरांना दाखवा, आणि त्यांच्याशी तिला एकटीला बोलू द्या. सासूबाई परत आल्या नाहीत.

टाळणं एकट्याचं नसतं, ते मला सांगायचंय. कधी घर मिळून टाळतं, कधी अख्खं गाव.

माझी आजी पंचवटीतली. रामनवमीची, रथाची, गंगेच्या पुराची तिची वर्णनं ऐकत आम्ही मोठे झालो. गोदावरीला ती गंगाच म्हणायची. २ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला तेव्हा ती शाळकरी वयाची होती आणि हाकेच्या अंतरावर राहत होती. मंदिराचे दरवाजे बंद ठेवले गेले. त्या वर्षी रामरथाच्या वेळी सत्याग्रहींवर दगडफेक झाली. दादासाहेब गायकवाडांनी पुढे काही वर्षं तो लढा इथे टिकवून धरला. आजीच्या गोष्टींत यातलं एक वाक्य नव्हतं. खोदून विचारलं तर म्हणायची, "तेव्हा फार गडबड होती बाई." एवढंच.

दरवाज्याच्या आतल्यांना प्रश्न काही अवघड नव्हता. हीही माणसं रामाचं नाव घेतात, मग ती बाहेर का? याचं उत्तर काढायला पाच मिनिटंसुद्धा नको होती. म्हणून तर कुलूप लावावं लागलं. आणि बाहेरच्या माणसाने मात्र प्रश्नाला शेवटपर्यंत जाऊ दिलं. १३ ऑक्टोबर १९३५ ला आमच्याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी जाहीर केलं की हिंदू म्हणून जन्मलो, पण हिंदू म्हणून मरणार नाही. त्यावर अमल केला १४ ऑक्टोबर १९५६ ला, नागपुरात. मधे एकवीस वर्षं. एवढ्या काळात त्यांनी किती धर्म तपासले, किती माणसांशी वाद घातले, याचं मला राहून राहून नवल वाटतं. उत्तर माहीत असलेल्या प्रश्नाचाही किती कसून विचार करता येतो, आणि तो करून त्याप्रमाणे वागताही येतं, याचं माझ्या माहितीतलं एवढं मोठं दुसरं उदाहरण नाही. येवल्याची पैठणी घ्यायला जाणाऱ्या किती जणी त्या मुक्तिभूमीवर डोकावतात? मीही उशिरानेच गेले.

विचाराला फुरसत लागते, ही सबब मात्र मी सरसकट खोटी मानत नाही. पांडवलेणीला लोक सकाळी व्यायामाला चढतात. वर दहाव्या लेण्यात नहपान राजाचा जावई उषवदात याचा लेख कोरलेला आहे, जवळपास १९०० वर्षांपूर्वीचा. त्याने हे लेणं भिक्षूंना दिलं, वर ३००० कार्षापण, म्हणजे तेव्हाची नाणी, ठेव म्हणून ठेवले. ठेव कुठे, तर इथल्याच गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे. २००० एका श्रेणीकडे, महिना शेकडा एक व्याजाने, आणि १००० दुसरीकडे, शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल कधी परत करायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. २००० वर वर्षाचं व्याज २४० होतं, आणि लेखात म्हटलंय की पावसाळ्यात इथे राहणाऱ्या २० भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी १२ द्यावेत. हिशेब अगदी चोख बसतो. दुकानाचं जीएसटी भरणाऱ्या बाईला हा लेख वाचून जो आनंद होतो तो सांगता येणार नाही.

मुद्दा असा की त्या दगडी खोल्यांत वीस माणसांनी निवांत बसून स्वतःच्या मनाचा तळ शोधावा म्हणून खाली गोवर्धनात कुणीतरी माग चालवत होतं. विणणाऱ्याला किती निवांतपणा मिळाला, ते लेखात नाही. आजही सातपूर-अंबडला बारा तासांची पाळी करून आलेल्या माणसाला 'जरा आत्मपरीक्षण करा' असं सांगणं मला अश्लील वाटतं. त्याला आधी झोपू द्या. पण पेन्शन चालू असलेल्या, मुलं मार्गाला लागलेल्या, सकाळ-संध्याकाळ जॉगिंग ट्रॅकवर जाणाऱ्या आमच्या मंडळींना ही सबब लागू पडत नाही. त्यांच्याकडे वेळ आहे. त्या वेळेचं काय होतं, तर कानात प्रवचन, कमरेला स्पीकरवर भजन, सोबत्याशी गुडघ्याच्या ऑपरेशनचा खर्च.

बरं, घरात कुणी नुसतं बसू देतं का? संध्याकाळी मी गॅलरीत दहा मिनिटं हातात काहीही न घेता बसले तर आतून आवाज येतो, "काय गं, डोकं दुखतंय का?" पेपर धरून बसलं तर चालतं. मटार सोलत बसलं तर चालतं. मोबाईल बघत बसलं तर कुणाला कळतही नाही की आपण बसलोय. रिकाम्या हाताने बसलेला माणूस आजारी तरी असतो, नाहीतर रुसलेला. आणि खरं सांगायचं तर घरच्यांचा संशय अगदीच चुकीचा नसतो. रिकाम्या हाताने बसलेली बाई उठेल तेव्हा काहीतरी ठरवून उठेल, अशी त्यांना धास्ती असते.

म्हणून मग माणसं दहा दिवसांसाठी इगतपुरीला जातात. सत्यनारायण गोएंकांच्या विपश्यनेचं धम्मगिरी केंद्र तिथे १९७६ पासून आहे. पहाटे चारला घंटा. फोन जमा करायचा. वाचायचं नाही, लिहायचं नाही, कुणाशी बोलायचं नाही, नजरेनेसुद्धा नाही. पहिले तीन दिवस फक्त श्वास बघायचा. पैसे घेत नाहीत, नंतर वाटलं तर दान द्या. आता विपश्यना म्हणजे विचार करणं नव्हे, उलट अंगावरच्या संवेदना बघायच्या आणि विचारांच्या मागे धावायचं नाही, असं तिथे शिकवतात. पण जाऊन आलेले सगळे एकच गोष्ट सांगतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पळून जावंसं वाटतं. माझ्या नणंदेला विचारलं, एवढं काय येतं मनात? मला वाटलं होतं जन्म, मृत्यू, ईश्वर असलं काही सांगेल. ती म्हणाली, "काही नाही गं. आईच्या बांगड्या मी ठेवून घेतल्या, ताईला दिल्या नाहीत, तेच."

बांगड्या सत्तावीस वर्षांपूर्वीच्या. तिला बांगड्या कुठल्या लॉकरमध्ये आहेत ते आजही माहीत आहे. इगतपुरीहून घरी येऊन तिने काय केलं ते मी विचारलं नाही, आणि तिने सांगितलं नाही.

आपल्या रीतींमध्ये थांबायला लावणाऱ्या जागा पुष्कळ होत्या. तिन्हीसांजेला दिवा लावेपर्यंतची दहा मिनिटं. लोडशेडिंगच्या काळात सगळी कॉलनी ओट्यावर. सुतकाचे दिवस, ज्यात घराबाहेर जायचं नाही, देवपूजाही नाही, येणाऱ्याजवळ बसून राहायचं. या जागा कुणी 'चिंतनासाठी' म्हणून केल्या नव्हत्या, पण तिथे माणूस आपोआप सापडायचा. यातली एक मात्र नाशिकमध्ये अजून रोज सकाळी भरते, रामकुंडावर.

दहाव्याला पिंड ठेवतात आणि कावळ्याची वाट बघतात. लगेच शिवला तर गेलेल्याचं मन शांत. नाही शिवला तर नातेवाईक एकमेकांकडे बघायला लागतात. काय राहिलं असेल? मग एकेक जण हात जोडून पुढे होतो आणि बोलतो. मुलीचं लग्न आम्ही करू. आजीला अंतर देणार नाही. घर विकणार नाही. जे वर्षानुवर्षं जेवणाच्या ताटावर कुणी काढलं नाही, ते परक्या माणसांच्या गर्दीत, ओल्या पंच्याने, मोठ्याने बोलावं लागतं. आता रामकुंडावरचे कावळे पोट भरलेले असतात, दहा पिंडांमधून निवड करतात, हे मला माहीत आहे. तरीही मी ते बघते तेव्हा मला वाटतं, ज्याने कुणी ही रीत घातली त्याला घराघरांतल्या गप्प बसण्याची चांगली ओळख असावी. फक्त त्यात एक खोड आहे. ज्याच्याशी बोलायचं तो गेल्यावर बोलतो आपण.

मामा गेल्या वर्षी श्रावणात गेले. दहाव्याला तिघे भाऊ, दादाचा मुलगा, आम्ही सगळे. कावळा येईना. धाकट्याने आईच्या, म्हणजे माझ्या मामीच्या औषधपाण्याचं कबूल केलं. येईना. गुरुजींच्या मागे आणखी दोन घरची माणसं ताटकळत होती. मग मधला म्हणाला, "बागेचं आम्ही मिळून करू, भांडणार नाही." तरी नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला आणि आटोपलं. दादाने सगळा वेळ तोंड उघडलं नव्हतं. पायऱ्या चढून वर आलो, मंडळी चहाची चौकशी करत होती, तेव्हा तो मुलाकडे वळला आणि कोरड्या आवाजात म्हणाला, "तू येणारेस का रे बाग करायला?"

"नाही बाबा." मुलगा गोंधळून गेला होता. "मला वाटलं, तुम्हाला माहितीये."

"माहितीये," दादा म्हणाला. "कर्ज किती आहे ते तुला माहितीये का?"

मग ते दोघं आणि मागून दोन्ही काका, पार्किंगपर्यंत सोसायटीचे आकडे, वारसनोंदीला काय काय कागद लागतात आणि तलाठी कोणत्या दिवशी भेटतो, हे बोलत गेले. चहा राहिला.

पुढे जे झालं ते गोड नाही. ऑक्टोबर छाटणी झाली, ती खंडाने बाग घेतलेल्या शेजाऱ्याने केली. वाटणीत विहिरीच्या पाळीवरून दादा आणि मधला यांच्यात जुंपली, दिवाळीला मधला आला नाही. वहिनी म्हणते, मामा होते तेव्हा सगळं बरं होतं, उगाच विषय काढला. दादा तिला उत्तर देत नाही. मोजणीची तारीख मिळाली आहे, तोपर्यंत विहिरीवर मोटर कुणी लावायची यावर दोन्ही घरांत एकमत झालेलं नाही.